नानांची नऊ बटणं

“हाड! हाड रे! कोन आहे तठी? निंघ... निंघ माह्या वावरातून!”

मी दोन्ही हात वर केले. हातातली पक्कड केळीच्या खोडाशी पडली, पेचकस चिखलात रुतला. यावलच्या पुढे, भर दुपारी, आकाश दिसू नये अशा दाट केळीत मी एकटा उभा होतो आणि पानांमागून कुणीतरी माझ्यावर चालून येत होतं. मी म्हणालो, नाना, मी आहे, जळगावचा. उत्तरादाखल पुन्हा तेच, त्याच सुरात, त्याच जागी दम घेऊन. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा आवाज आठ दिवसांपूर्वी मीच माझ्या दुकानात भरला होता. डबाही मीच बनवला होता. आणि माझ्याच डब्यानं मला रानडुक्कर ठरवलं होतं.

मागे बांधावर नाना पोट धरून बसले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “चालते म्हना मंग,” ते म्हणाले.

तर अशी आमची ओळख पक्की झाली. नाना म्हणजे यावलच्या बाजूचे केळीवाले, सत्तरीला टेकलेले. आवाज असा, की त्यांनी बांधावरून गड्याला हाक मारली तर सातपुड्यातून कुणीतरी ‘ओ’ द्यायचं. त्यांच्या हाकेनं भुसावळच्या यार्डात मालगाडी उभी राहायची, असं मी लोकांना सांगतो. मालगाड्या तिथे तशाही उभ्याच असतात, ही गोष्ट वेगळी. रात्रभर जागून डुकरं हाकलायचं आता होत नाही, म्हणून त्यांना आपला आवाज डब्यात भरून हवा होता. जनावर आलं की डब्यानं ओरडायचं, नानांनी झोपायचं.

माझा धंदा काय, ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी अंगात आणणारा भगत आहे.

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. जन्मलो तेव्हा रडलो नाही, आधी ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणालो, असं माझी आई सांगायची. आई आमच्याच घरातली, तेव्हा तिच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. धुळ्याला एका उस्तादाकडे रेडिओ शिकलो. नंतर जळगावात दुकान टाकलं. रेडिओ गेले, टेप गेले, टीव्ही इतके पातळ झाले की उघडायला आत काही उरलं नाही. लोक म्हणाले, आता दुकान बंद कर. तेवढ्यात तो पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर आला. एकच हिरवा बोर्ड, त्यावर सगळं बसवलेलं. कॉलेजातली पोरं त्याच्यावर प्रोजेक्ट करतात, हौशी लोक त्याच्याकडून झाडांना पाणी घालून घेतात, गणपती मंडळवाले राक्षसाचे डोळे फिरवतात. या बोर्डाला डोकं भरपूर, पण तोंड नाही. त्याला तोंड बसवून देणं, हा माझा धंदा.

काही बोर्डांना कानात घालायच्या वायरीचं भोक असतं. त्यातून येणारा आवाज मुंगीच्या खोकल्याएवढा. स्वस्तातल्या बोर्डांना तेही नसतं. मग शेंगेएवढं एक साऊंड कार्ड लावायचं, त्याच्यापुढे ॲम्प्लिफायर, त्याच्यापुढे स्पीकर किंवा भोंगा. ऐकायला सोपं वाटतं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण एकच तक्रार घेऊन येतात, की सगळं बरोबर जोडलंय पण आवाज येत नाही. मी बोर्ड हातात घेऊन डोळे मिटतो, नाडी बघितल्यासारखं करतो, आणि सांगतो, हा बोलतोय, पण टीव्हीच्या वायरीतून. यांच्यात मुळातच तशी सोय असते, की आवाज टीव्हीकडे पाठवायचा. टीव्ही तर जोडलेलाच नसतो. म्हणजे बिचारा तासन् तास बोलतोय, आणि ज्याच्याशी बोलतोय तो तिथे नाहीच. मला या दुखण्याचं निदान इतकं लवकर का होतं, ते मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

माझी बायको पुण्याला मुलाकडे नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी गेली, त्याला चार वर्षं झाली. तिकडे तिचं मन लागलं. माझं दुकान जिन्याखाली, घर जिन्यावर. दारात मी एक डबा बसवलाय, कुणी आलं की माझ्याच आवाजात म्हणतो, “या, बसा.” दिवसातून पाच वेळा तरी बोलतो. दोनदा मांजर असतं, दोनदा मी असतो, एकदा का बोलला ते कळत नाही.

असलाच डबा एका शेठजींच्या साड्यांच्या दुकानाला बसवला होता. मूळ घर राजस्थानातलं, तीन पिढ्या जळगावात, बोलणं साखरेत घोळलेलं. दारात गिऱ्हाईक आलं की डब्यानं ‘पधारो’ म्हणायचं, एवढंच काम. आता त्यातला सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. माणूस भिंतीपेक्षा गरम, म्हणून माणूस कळतो. पण मे महिन्यातल्या जळगावात माणूस, भिंत आणि म्हैस सारख्याच तापलेल्या. सेन्सरनं दोन दिवस विचार केला आणि माणसांचा नाद सोडून गरम इंजिनांना धरलं. आत आलेल्या बाईला काही नाही, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला ‘पधारो’. एक रिक्षावाला खरंच आत येऊन पाणी पिऊन गेला. शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, धंदा नाही वाढला, पण गल्लीत इज्जत वाढली. सेन्सर मी आतल्या बाजूला वळवून दिला.

हे सगळं मी हसत सांगतो. आता नानांचं सांगतो.

डुकराच्या डब्यानं एक हंगाम चोख काम केलं. डुकरं यावल तालुका सोडून मध्य प्रदेशात गेली, असं मी चारचौघांत सांगायचो. खरं तर शेजारच्या वावरात गेली. पुढच्या वर्षी केळीचे घड निसवायच्या, बाहेर पडायच्या सुमाराला नाना दुकानात आले. माझा डबा म्हणाला, या, बसा. नाना बसले. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं होतं. मग बोलले तेव्हा आवाज आला तो वाळूवरून पत्रा ओढल्यासारखा. घशात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन पाच दिवसांनी होतं.

“तसाच डबा घरासाठी कर,” ते म्हणाले. “बटनं लाव. दाबलं की मी बोललो पाह्यजे.”

डुकरांवरचं ओरडणं सोडून आधीचा, धड घशातला आवाज कुठे भरलेला मिळेल का, म्हणून मी विचारलं. नाना फोनवरही चार शब्दांवर बोलायचे नाहीत. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात ते दहा ठिकाणी तोंड हलवताना दिसतात, आणि दहाही ठिकाणी बँड वाजतो. तेव्हा आहे तो खरखरीत आवाजच भरायचा ठरला. खरखरीत असला तरी त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी ते वाक्यं लिहून घेऊन आले, बियाण्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर, चाळीसेक. मी माईक लावला. ते एकेक वाक्य वाचायला लागले आणि वाचता वाचता खोडायला लागले. हे मी कधी म्हणत नाही. हे तर दुसऱ्याला ऐकायचंच नसतं. हे लिहिताना बरं वाटलं, पण बोलायला कुठे लागतंय. कॅलेंडर काळं होत गेलं. शेवटी जे उरलं ते असं. चहा टाक. बस, नको वाढू. कोन आहे? दार लोट, कुत्रं येईन. पाणी दिलं का? मोटर बंद कर. नाशिकच्या मुलाच्या फोनसाठी, “हा, बोल बेटा, इकडी बरं आहे.” ही झाली सात. आठवं वाक्य नव्हतंच, ते होतं खाकरणं. दिवाळीला सून घरी येते. घरात शिरायच्या आधी म्हातारा माणूस उंबऱ्याशी खाकरतो, म्हणजे आतल्या बाईला पदर सावरायला सवड मिळते. नानांचं म्हणणं, उद्या मी मुका झाल्यावर चोरासारखा घरात शिरू काय? मी ते खाकरणं सात वेळा भरून घेतलं. पाचवं सगळ्यात चांगलं होतं, त्यात पाटीलकी होती.

सत्तर वर्षं बोललेला माणूस आठ बटणांत बसला. त्या संध्याकाळी मी माझी वाक्यं मोजून बघितली. रोजची दोनच निघाली. ‘या, बसा’, आणि ‘याचा पार्ट मिळत नाही आता’. त्यातलं पहिलं तर डबाच म्हणतो.

डब्याला नऊ बटणं होती. नवव्याचं काय, म्हणून मी विचारलं. नानांनी माईक जवळ ओढला. मग म्हणाले, “हे अक्कासाठी आहे. तू बाहेर जाय.”

अक्का म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना अक्का म्हणायचो म्हणून माझ्यापुढे तेही अक्का म्हणाले. एरवी चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ‘अवं’ सोडून दुसरी हाक नाही. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं, बायकोनं नवऱ्याचं. आमच्याकडेही तेच. आमच्या अहिराणीत ‘शे’ आणि त्यांच्या बोलीत ‘आहे’, एवढाच काय तो फरक.

मी बटण दाबून रेकॉर्डिंग चालू केलं, कसं थांबवायचं ते दाखवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. काचेतून दिसत होतं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एकदा ओठ हलले. थांबले. मग पुन्हा थोडे हलले. सगळं मिळून उसाचा रस प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बटणांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, चहा, दार, मोटर अशा. नवव्यावर काय लिहू विचारलं तर म्हणाले, कोरं ठेव.

काय बोलले असतील? ज्यानं नानांच्या हाकेनं भुसावळची मालगाडी थांबवून दाखवली, त्या माझ्यासारख्या माणसाला इथे रचायला काय लागतं. पण नाही. मला माहीत नाही, आणि या एका ठिकाणी मी काही रचणार नाही.

त्यांना स्टँडवर सोडून परत आलो. नऊ तुकडे साफ करून ज्याच्या त्याच्या बटणाला जोडायचं काम बोर्डाला लावून दिलं होतं, ते चालू होतं. आणि स्पीकरमधून घूं असा बारीक आवाज येत होता. ही घूं म्हणजे आमच्या धंद्यातली डासाची जात. एखादी तार सैल, किंवा अर्थिंग नीट नाही. ऐकणाऱ्याला कळतही नाही, पण माझ्या कानाला ती सहन होत नाही. मला वाटलं, नानांच्या आवाजामागे ही घूं नको. मी हात पुढे केला.

धुळ्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी माझ्या थोबाडीत मारून एक गोष्ट शिकवली होती. आधी प्लग, मग हात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत माणूस आडवा होईल एवढी वीज असायची. चालू सेटमध्ये बोट घालणारा एक जोडीदार मी जाताना बघितलाय. त्यामुळे माझा डावा हात माझा राहिलेलाच नाही, तो उस्तादाचा आहे. उजवा वायरीकडे निघाला की डावा आपोआप प्लग ओढतो. चाळीस वर्षं त्या हातानं मला जगवलं.

त्या हातानं प्लग ओढला.

या छोट्या कॉम्प्युटरचं असं आहे, की त्याची सगळी आठवण नखाएवढ्या कार्डावर असते, आणि तो त्यावर सारखं लिहीत असतो. बंद करायचं तर आधी त्याला सांगावं लागतं. मग तो हातातलं काम संपवतो, वही मिटतो आणि झोपतो. लिहिता लिहिता वीज तोडली तर वही फाटते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे बजावतो. भिंतीवर पाटी लावलीय, माझ्याच अक्षरात.

मी तार घट्ट केली, प्लग लावला. घूं गेली होती. स्पीकर इतका शांत कधीच नव्हता. बोर्डावरचा लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकला नाही. थांबलो. पुन्हा केलं. पुन्हा केलं. कार्ड काढून दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरला लावलं, तर त्यानं विचारलं, हे कार्ड कोरं आहे, वापरायला तयार करून देऊ का?

दुसरी प्रत ठेवली नव्हती. रेडिओवाल्याला प्रत ठेवायची सवय नसते. रेडिओत प्रत ठेवण्यासारखं असतं काय?

इथपर्यंत झालं ती चूक होती. हाताची चूक, जुन्या सवयीची. हिच्यासाठी मी स्वतःला माफ केलं असतं.

तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. मुंबईहून, दवाखान्यातून. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. नानांना फोनवर बोलणं आवडत नाही, तरी त्यांनी स्वतः लावला होता.

“झालं का, भाऊ?”

माझ्यासमोर ते कार्ड पडलेलं होतं. तीन दिवस मी त्याच्यामागे होतो. पुसलेलं परत काढणारी चार सॉफ्टवेअरं लावून झाली होती. एकानं चार सेकंदांचा एक तुकडा काढून दिला. जीव कानात आणून ऐकला, तर त्यात फक्त घूं. मी जे काढायला गेलो होतो, तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

नानांजवळ अजून एक दिवस होता. मी एवढंच म्हणायचं होतं, नाना, गेलं ते, आत्ता फोनवर पुन्हा बोला, मी भरून घेतो. आठ वाक्यं, दोन मिनिटांचं काम. नवव्यासाठी सोबत गेलेल्या त्यांच्या भाच्याला खोलीबाहेर पाठवलं असतं. पण मी आयुष्यभर ज्या जिभेवर पोट भरलं, ती माझ्या आधी बोलली.

“बठ्ठं झालं, नाना. एक नंबर.”

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. नानांचं मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

मी बराच वेळ फोन कानाला लावून बसलो. पुन्हा लावावा असं पन्नास वेळा मनात आलं. त्यातल्या एकाही वेळी लावला नाही. वाटत होतं, अजून एक सॉफ्टवेअर आहे, त्यानं निघेल. माझ्या हातून बिघडलं, असं मी कधी कुणाला सांगितलेलंच नाही. गिऱ्हाइकाचा सेट मेला तर तो माझ्याकडे येण्याआधीच मेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बघत होतो. दहा वाजले, अकरा वाजले. दारातला डबा अचानक म्हणाला, या, बसा. कुणीच नव्हतं.

सव्वा महिन्यानं गेलो. जळगावहून यावलची बस, पुढे रिक्षा, पुढे बांधावरून पायी. पिशवीत नऊ बटणांचा डबा, आतून कोरा. वाट केळीतूनच जाते. आणि अर्ध्यात आलो, तोच पानांमागून आवाज आला, भरलेला, खणखणीत, जसा तो घसा धड असताना होता. कोन आहे तठी? निंघ माह्या वावरातून. या वेळी मी हात वर केले नाहीत. ओरडणं संपेपर्यंत जागच्या जागी उभा राहिलो.

नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. गळ्याशी पांढरं फडकं, त्यामागे भोक, श्वास तिथूनच जायचा-यायचा. मला बघून त्यांनी बाजूची जागा थोपटली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं, त्यातून घुईंघुईं शब्द निघतात. नानांनी ते एकदा लावून कोनाड्यात ठेवून दिलं होतं. अक्कांनी चहा आणला. त्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, डब्याची रोज आठवण काढतात, हातानं चौकोन करून दाखवतात.

मी डबा बाहेर काढला. नानांनी तो मांडीवर घेतला. चहाचं बटण दाबलं. मग दाराचं. मग माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. प्लगचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं. मग फोनचंही सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो, तेव्हा अजून वेळ होता. एवढं सरळ, मीठमिरची न लावता मी आयुष्यात कधी बोललो नसेन. सांगून झालं. नाना बटणांवरून अंगठा फिरवत होते, चिठ्ठ्या वाचत असल्यासारखे. कोऱ्या चिठ्ठीवर अंगठा थांबला.

मी म्हणालो, अक्का, आठ तर गेलीच, पण हे नववं जे होतं, ते नानांनी—

नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. जोर नव्हता त्याला, नुसता ठेवला. माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. मी गप्प झालो.

अक्कांना वाटलं, माझा गळा भरून आला. त्यांनी चहा पुढे सरकवला. मग मला काहीतरी द्यायचं होतं म्हणून मी म्हणालो, नानांचा आवाज केळीतल्या डब्यात आहे, तो चांगला आहे, पण त्यात डुकराला हाकलण्याशिवाय काही नाही. हवं असेल तर तो या बटणांवर टाकून देतो. निदान आवाज तरी घरात राहील.

अक्कांनी नानांच्या मांडीवरचा डबा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

“तेच टाकून दे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “घरात तरी दुसरं कधी काय बोलले.”